हरकतीची मुदत

बालाघाट जिल्ह्यातली बैहर तहसील हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येणारा प्रदेश आहे. गोंड आणि बैगा समाजाची वस्ती, सालाचे जंगल, एका अंगाला कान्हा आणि दुसऱ्या अंगाला मलाजखंडची तांब्याची खाण. अशा प्रदेशांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा संसदेने केला आणि २४ डिसेंबर १९९६ पासून तो लागू झाला. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशाने आपल्या पंचायत कायद्यात त्याला धरून तरतुदी घातल्या. पण हे अधिकार गावाने प्रत्यक्षात वापरायचे कसे, हे बारकाईने सांगणारे राज्याचे पेसा नियम जाहीर झाले १५ नोव्हेंबर २०२२ रोजी. कायद्याच्या वर्षी बैहरच्या एखाद्या पाड्यावर जन्मलेले मूल तोवर सव्वीस वर्षांचे झाले होते.

कायदा आणि नियम यांच्यातले हे अंतर आपल्या सहसा लक्षात येत नाही. कायदा विधेयक म्हणून सभागृहात येतो, त्यावर चर्चा होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो. नियम मात्र खात्याच्या टेबलावर तयार होतात. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, सोबत कोणता पुरावा जोडायचा, शुल्क किती, अपील किती दिवसांत, बैठकीला किती माणसे हवीत, हे सगळे ठरवतात ते नियम. तिरोडीचा खाणकामगार, वारासिवनीचा धानउत्पादक, कटंगीचा दुकानदार यांची सरकारशी रोज गाठ पडते ती नियमांच्याच रूपात. म्हणून नियम कधी तयार होणार आहेत, त्यांचा मसुदा कुठे वाचायला मिळेल आणि हरकत घ्यायला किती दिवस मिळतील, हे आधी कळणे नागरिकाच्या दृष्टीने फार मोलाचे असते. या प्रकरणात त्याचीच माहिती घेऊ.

मसुद्यापासून राजपत्रापर्यंत

नियम करण्याचा अधिकार खात्याला कायद्यातूनच मिळतो. जवळपास प्रत्येक कायद्याच्या शेवटी ‘केंद्र सरकार नियम करू शकेल’ किंवा ‘राज्य सरकार नियम करू शकेल’ असे एक कलम असते. त्याच्या आधारे संबंधित खाते मसुदा लिहिते आणि तो विधी विभागाकडे तपासायला जातो. मूळ कायद्याने जेवढा अधिकार दिला आहे त्याच्या बाहेर नियम गेलेला नाही ना, हे तिथे पाहिले जाते. मग तो राजपत्रात छापला जातो. भारताचे राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघते. १ ऑक्टोबर २०१५ पासून त्याची छापील विक्री बंद झाली आणि ते फक्त ऑनलाइन प्रसिद्ध होऊ लागले. मध्य प्रदेशाचे राजपत्र भोपाळहून निघते.

काही कायद्यांच्या नियम करण्याच्या कलमात आणखी एक अट असते, ती ‘पूर्वप्रसिद्धी’ची. ही अट असेल तर खात्याला थेट अंतिम नियम काढता येत नाही. त्याने आधी काय करायचे हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २३ मध्ये सांगितले आहे. खात्याने मसुदा प्रसिद्ध करायचा. त्यासोबत एक सूचना द्यायची आणि अमुक तारखेला किंवा त्यानंतर हा मसुदा विचारात घेतला जाईल, असे तिच्यात नमूद करायचे. त्या तारखेआधी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या आणि मगच नियम अंतिम करायचे.

सव्वाशे वर्षांहून जुने हे कलम आजही लागू आहे. नागरिकाच्या हाती त्याने एक खरा हक्क दिला, पण तीन गोष्टी मोकळ्या सोडल्या. किमान किती दिवस द्यायचे हे त्यात नाही. प्रसिद्धी कोणत्या रीतीने करायची हे बहुतेक वेळा खात्यावर सोपवले आहे. आणि पूर्वप्रसिद्धीनंतर नियम केले असे म्हणून ते राजपत्रात छापले गेले, की ते रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे मुदतीत काय घडते यालाच सगळे महत्त्व येते.

पंचेचाळीस दिवसांचा हिशेब

बालाघाटच्या जंगलगावांना सर्वांत जवळचे उदाहरण वनहक्क कायद्याचे. २००६ चा हा कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला आणि त्याचे नियम दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २००८ रोजी अधिसूचित झाले. बैहरच्या अनुभवाशी ताडून पाहिले तर ही तत्परता मोठीच. ती शक्य झाली, कारण मसुदा सहा महिने आधीच काढला होता. कायद्याच्या कलम १४ मध्ये पूर्वप्रसिद्धीची अट स्पष्ट होती.

अंतिम नियमांची प्रस्तावना वाचली की सगळा क्रम उलगडतो. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला १९ जून २००७ रोजी. राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या २५ जून रोजी. त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांत ज्यांना ज्यांना नियमांची झळ किंवा लाभ पोहोचणार आहे, त्यांनी हरकती व सूचना पाठवायच्या होत्या. आलेल्या हरकतींचा विचार केला, असेही शेवटी लिहिले आहे. इथपर्यंत सगळे कायद्याच्या शब्दाप्रमाणे झाले.

आता हेच पंचेचाळीस दिवस वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गावात बसून मोजू. २५ जूनला पाऊस लागलेला असतो आणि पऱ्हे टाकणे चालू असते. जुलैत बांध्यांमध्ये चिखलणी होते आणि रोवणी सुरू होते. घरातली धडधाकट माणसे, बाया आणि पोरे सकाळपासून चिखलात असतात. रोवणीचा मजूर मिळत नाही म्हणून गावे एकमेकांना माणसे पुरवतात. नाल्यांना पूर येतो, जंगलातल्या पाड्यांचे रस्ते तुटतात. वर्षातले सर्वांत व्यग्र आणि सर्वांत तुटक असे हे दिवस. त्यांतच दिल्लीतल्या राजपत्राची प्रत मिळवून, वाचून, समजून घेऊन गावाने लेखी हरकत पाठवायची होती. आणि मुदत संपली ९ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे १५ ऑगस्टच्या जेमतेम आठवडाभर आधी. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ग्रामसभांचे ठरलेले दिवस. गावाने एकत्र बसून या मसुद्यावर बोलावे असा एकही ठरलेला दिवस त्या मुदतीत येत नव्हता.

कोणी मुद्दाम असे केले, असा याचा अर्थ नाही. दिल्लीतल्या फायलीला रोवणीचे दिवस माहीत नसतात, एवढेच. पण हा मसुदा जूनमध्ये येणार असे फेब्रुवारीतच जाहीर झाले असते, तर गावांना, संघटनांना, तालुक्याच्या वकिलांना, शाळामास्तरांना उन्हाळ्यातच तयारी करता आली असती. हरकतीच्या मुदतीइतकीच तिची आगाऊ वार्ता महत्त्वाची असते.

या नियमांतल्या एका आकड्यावरून हरकतीची किंमत कळते. २००८ च्या नियमांत वनहक्काच्या ग्रामसभेला दोन तृतीयांश सदस्यांची हजेरी आवश्यक होती. ज्या गावात तीनशे प्रौढ माणसे आहेत तिथे दोनशे जण हजर नसतील तर सभाच होत नाही. ज्यांची माणसे मजुरीसाठी गोंदिया, नागपूरकडे जातात, त्या गावांना ही अट फार जड. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आणली आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी चांगली भर घातली. ही सुधारणा व्हायला पावणेपाच वर्षे लागली. एखादा आकडा मसुद्यातच हेरला गेला तर तेवढी वर्षे वाचतात.

छापलेच नाही तर?

नियम प्रसिद्धच न करता लोकांवर लादता येईल का, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिले. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयी एक कायदा केला होता. तो कधीही नीट प्रसिद्ध झाला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याखाली दोषी ठरवून पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. दंडाची रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे होते. ज्या कायद्याची माहिती मिळण्याची सोयच नव्हती, त्याखाली माणसाला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि शिक्षा रद्द केली. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. बालाघाट जिल्हा तेव्हा त्याच न्यायालयाच्या कक्षेत येत होता.

दुसरी बाजू दाखवणारा खटला मुंबईचा. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज नावाचा प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर अंगावर लपवलेल्या चौतीस किलो सोन्यासह सापडला. सोने भारतातून पुढे नेण्यावर रिझर्व्ह बँकेने घातलेली नवी अट २४ नोव्हेंबरला राजपत्रात छापून आली होती. तो मुंबईत उतरला २८ नोव्हेंबरला. मला हे ठाऊकच नव्हते, हा त्याचा बचाव बहुमताने फेटाळला गेला. भारताच्या राजपत्रात छापले गेले, तेवढे पुरे.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नागरिकाची स्थिती स्पष्ट होते. छापल्याशिवाय नियम लागू होत नाही, पण एकदा छापला की ‘वाचला नाही’ हे कारण चालत नाही. वाचण्याची जबाबदारी अशी आपल्यावर येत असेल, तर वाचायला वेळ आणि कळेल अशी भाषा देण्याची जबाबदारी सरकारवर यायला हवी.

भाषेचा प्रश्न

ती जबाबदारी न्यायालयात ठळकपणे मांडली गेली २०२० मध्ये. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार पर्यावरणविषयक अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकतींसाठी साठ दिवस द्यावे लागतात. खाण, धरण, कारखाना यांना पर्यावरण मंजुरी कशी द्यायची हे सांगणारी २००६ ची अधिसूचना बदलण्यासाठी केंद्राने नवा मसुदा काढला. त्यावर तारीख होती २३ मार्च २०२० आणि तो राजपत्रात आला ११ एप्रिलला, म्हणजे देश टाळेबंदीत असताना. लोकसुनावणीआधी लोकांना मिळणारे तीस दिवस वीसवर आणावेत, असे त्यात सुचवले होते. मँगनीज आणि तांब्याच्या खाणी असलेल्या जिल्ह्यात या दहा दिवसांचे मोल वेगळे सांगायला नको. खाणीचा पर्यावरण अहवाल जाडजूड असतो आणि गावाला त्याचा सारांश समजून घ्यायलाही कोणाची तरी मदत लागते.

हा मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत मसुदा उपलब्ध करून द्यायला सांगितले. केंद्र याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तिथे आदेशाला स्थगिती मिळाली नाही. लाखो हरकती आल्या. तो मसुदा पुढे अंतिम झाला नाही. २००६ चीच अधिसूचना, वेळोवेळी दुरुस्त होत, लागू राहिली.

बालाघाटच्या दृष्टीने या आदेशात एक मोठी गोष्ट मिळाली आणि एक राहून गेली. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, त्यामुळे कटंगी-तिरोडीच्या मराठी घरांना मसुदा आपल्या भाषेत मागण्याचा आधार मिळाला. गोंडी मात्र त्या अनुसूचीत नाही आणि बैगांची बोलीही नाही. खाणीच्या आणि जंगलाच्या नियमांची सर्वांत जास्त झळ ज्यांना बसते, त्यांच्या भाषा यादीबाहेर राहिल्या. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते, की स्वतःहून द्यायची माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा. त्या कलमाचा आधार घेऊन गोंडीत निदान तोंडी वाचन तरी व्हावे, अशी मागणी करता येते आणि ती केली पाहिजे.

वेळापत्रक कुणाकडे आहे?

येत्या काळात कोणते नियम येणार, याची यादीच आधी जाहीर करायची पद्धत अमेरिकेत आहे. १९८० च्या एका कायद्याने तिथल्या प्रत्येक संघीय खात्यावर दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आगामी नियमांची सूची प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. पुढे सगळ्या खात्यांची सूची एकत्र निघू लागली. प्रत्येक नियमाला एक ओळखक्रमांक मिळतो आणि तो विचार चालू असल्यापासून अंतिम होईपर्यंत बदलत नाही. नियम कोणत्या टप्प्यावर आहे, पुढचे पाऊल कोणत्या महिन्यात अपेक्षित आहे, कोणत्या अधिकाऱ्याला विचारायचे, हे त्यात असते. तारखा पुष्कळदा पुढे ढकलल्या जातात आणि त्या बंधनकारकही नसतात. तरी कुठे लक्ष ठेवायचे हे लोकांना कळते. ब्रिटनने आणखी एक सोपी रीत आणली. उद्योगांवर परिणाम करणारे नवे नियम शक्यतो वर्षात दोनच दिवशी, ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, लागू करायचे.

भारतात सगळ्या खात्यांची अशी सूची निघत नाही. संसदेच्या अधिवेशनाआधी विधेयकांची यादी येते, नियमांची येत नाही. कायदा अमलात आल्यापासून सहा महिन्यांत नियम करावेत, अशी संसदीय कार्यपद्धती आहे. उशीर झाला तर खात्याला संसदेच्या समितीकडे मुदतवाढ मागावी लागते. ती मुदतवाढ किती लांबते, हे नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात दिसले. कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला, नियम ११ मार्च २०२४ ला आले. नियम झाल्यावर ते संसदेसमोर एकूण तीस दिवस ठेवले जातात आणि संसद ते बदलू किंवा रद्द करू शकते, पण तोवर ते लागू झालेले असतात.

२०१४ मध्ये केंद्राने कायद्यांपूर्वीच्या विचारविनिमयाचे धोरण आखले. प्रस्तावित कायदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, त्याचा लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल ते सांगावे, असे त्यात आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन कट झाल्याबद्दल ग्राहकाला प्रत्येकी एक रुपया भरपाई देण्याचा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम रद्द केला, तेव्हा संसदेने सर्व प्रकारच्या नियमांसाठी लोकांशी विचारविनिमयाची पद्धत कायद्यानेच ठरवावी, असे सुचवले होते. तसा सर्वसमावेशक कायदा झालेला नाही.

मात्र शिस्तीने चालणारी क्षेत्रे आपल्याकडेही आहेत. विद्युत कायदा २००३ नुसार वीज कंपनीला दरवाढीचा अर्ज वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि आयोगाला लोकांच्या हरकती ऐकून अर्ज आल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. बालाघाटला वीज पुरवणाऱ्या जबलपूरच्या पूर्व क्षेत्र कंपनीचे दर मध्य प्रदेशाचा आयोग याच रीतीने ठरवतो. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधीही अर्ज जाहीर करून विरोधासाठी तीन महिने खुले ठेवावे लागले. कायद्यानेच ठरवून दिले तर वेळापत्रक पाळले जाते, हे यावरून दिसते.

हरकत कशी लिहावी

संविधानाच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणे दूर करण्यासाठीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणून मराठीत लिहायला संकोच करू नये. मसुद्याच्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख वर लिहावी. ज्या नियमावर हरकत आहे त्याचा क्रमांक द्यावा. तो तसाच राहिला तर आपल्या गावात नेमके काय अडेल ते दोन-चार वाक्यांत सांगावे आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत ते लिहून द्यावे. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याने अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘दोन तृतीयांशऐवजी निम्मे करा, कारण आमच्या गावची निम्मी माणसे उन्हाळ्यात बाहेर असतात’ हे वाक्य टिपणीत जाऊ शकते. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. रजिस्टर्ड पोस्टाची पावती किंवा ई-मेलची प्रत जपून ठेवावी.

आणि सरकारकडे मागायच्या गोष्टी तीन. प्रत्येक खात्याने वर्षाच्या सुरुवातीला येत्या बारा महिन्यांतल्या नियमांची यादी जाहीर करावी. ती जनपद पंचायतीच्या फलकावर स्थानिक भाषेत लागावी. आणि गावांशी संबंधित मसुद्याची मुदत अशी ठरवावी, की ग्रामसभेचा किमान एक ठरलेला दिवस तिच्यात येईल. २००७ च्या त्या मुदतीला आठवडाभर जोडला असता तर १५ ऑगस्टची ग्रामसभा तिच्यात आली असती आणि बैहरच्या गावांना आपल्या जंगलाच्या नियमांवर एकत्र बसून बोलता आले असते. एवढी सोय करायला नवा कायदाही लागत नाही. मसुद्यासोबतच्या सूचनेत कोणती तारीख घालायची, हे आजही खात्याच्याच हाती आहे.